पावसाळी तापरोगांचे वैद्यकीय मूल्यमापन आणि उपचारातील विवेक

प्रस्तावना

पावसाळा सुरू होऊन तीन-चार आठवडे लोटले की महाराष्ट्रातील लहानमोठ्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची गर्दी वाढू लागते. हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, विषमज्वर (टायफॉइड) आणि स्क्रब टायफस हे या काळात आढळणारे प्रमुख संसर्गजन्य रोग होत. त्यांचे कारक जीव भिन्न आहेत, प्रसाराचे मार्ग भिन्न आहेत आणि उपचारही भिन्न आहेत. परंतु पहिल्या दोन-तीन दिवसांत या पाचही रोगांचा चेहरा जवळजवळ सारखाच असतो : ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ आणि थकवा. या सारखेपणातूनच निदानाचा खरा प्रश्न उभा राहतो.

विषय स्पष्ट होण्यासाठी तीन काल्पनिक रुग्णांचे उदाहरण घेता येईल. एकाच दिवशी तालुक्याच्या गावातील एका दवाखान्यात तिघे जण येतात. पहिली भातलावणीला जाणारी मध्यमवयीन शेतमजूर स्त्री. तिला पाच दिवसांपासून ताप आहे. दुसरा शहरातील वसतिगृहातून घरी आलेला महाविद्यालयीन विद्यार्थी; चार दिवस अंगात असलेला त्याचा ताप आज सकाळी उतरला आहे. तिसरा गडचिरोलीच्या जंगलभागातील कामावरून नुकताच परतलेला मजूर. त्याला दोन दिवसांपासून थंडी वाजून ताप येतो. तिघांच्याही हातात 'विडाल पॉझिटिव्ह' असा प्रयोगशाळेचा कागद आहे आणि तिघांनीही औषधाच्या दुकानातून एकाच प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊन झाल्या आहेत. कागद एक, गोळी एक; रोग मात्र तीन असू शकतात. प्रस्तुत लेखात अशा रुग्णांचे मूल्यमापन कोणत्या क्रमाने केले जाते, त्या क्रमामागील शास्त्रीय कारणे कोणती आणि तो क्रम मोडल्यास रुग्णाला व समाजाला कोणती किंमत मोजावी लागते, याचे विवेचन केले आहे.

ताप : रोग नव्हे, लक्षण

ताप हा स्वतंत्र रोग नसून शरीराने दिलेली प्रतिक्रिया आहे. जंतूंचा शिरकाव झाल्यावर पांढऱ्या पेशींमधून काही रासायनिक द्रव्ये स्रवतात. त्यांच्या प्रभावाने मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि शरीराच्या तापमानाची नेमलेली पातळी वर सरकते. पातळी वर गेल्यावर शरीर तेथपर्यंत पोचण्यासाठी थरथरते; हीच आपल्या बोलण्यातील 'हुडहुडी' होय. सर्वसाधारणपणे ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानास ताप मानले जाते.

पॅरासिटामॉलमुळे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी होते आणि ताप उतरतो. मात्र या औषधाचा जंतूंवर कोणताही परिणाम होत नाही. म्हणून 'गोळीने ताप उतरला' या विधानातून रोगाबद्दल काहीच निष्पन्न होत नाही. ताप उतरण्याचा अर्थ प्रत्येक रोगात वेगळा असतो, ही बाब येथेच लक्षात ठेवणे इष्ट आहे. विषमज्वरात योग्य औषध सुरू झाल्यानंतरही ताप पूर्ण जाण्यास चार ते सहा दिवस लागतात. स्क्रब टायफसमध्ये योग्य औषधाने बहुधा ४८ तासांत उतार पडतो. डेंग्यूमध्ये तर ताप उतरण्याची वेळ हीच धोक्याची वेळ असते. यावरून तापमापीवरील आकडा एकटा वाचता येत नाही, हे स्पष्ट होते.

रुग्णाची हकीकत : मूल्यमापनाची पहिली पायरी

आधुनिक प्रयोगशाळा कितीही प्रगत झाली असली तरी तापाच्या निदानाचा मोठा भाग रुग्णाच्या हकीकतीतूनच उलगडतो. येथे चार प्रश्न निर्णायक ठरतात.

१. तापाचा आज कितवा दिवस आहे? प्रत्येक तपासणीचा आणि प्रत्येक गुंतागुंतीचा दिवस ठरलेला असतो. 'बरेच दिवस झाले' हे उत्तर पुरेसे नाही. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, हे ठरवूनच पुढे जावे लागते.

२. गेल्या दोन-तीन आठवड्यांत रुग्ण कोठे होता आणि काय करीत होता? पुराच्या किंवा शेतातील साचलेल्या पाण्यात उघड्या पायांनी वावर, जंगलातील मुक्काम, झुडपांत गवत वा सरपण गोळा करणे, उघड्यावरचे पाणी व अन्न, डासांचा उपद्रव या प्रत्येक गोष्टीचे बोट वेगळ्या रोगाकडे जाते. लेप्टोस्पायरोसिसचा अधिशयन काळ बहुधा ५ ते १४ दिवसांचा असतो. म्हणून आजच्या तापाचे कारण दहा दिवसांपूर्वीच्या पाण्यात असू शकते आणि विचारल्याशिवाय रुग्ण ते सांगत नाही.

३. घरात, शेजारी किंवा वसतिगृहात आणखी कोणाला ताप आहे काय? एका वसतिगृहात एकाच आठवड्यात अनेकांना विषमज्वर झाल्यास संशय पाण्याच्या टाकीकडे वा खानावळीकडे जातो.

४. कोणती औषधे आधीच घेतली आहेत? हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला तर पुढील तपासण्यांचे अहवाल दिशाभूल करू शकतात.

स्थळ आणि काळ यांचे महत्त्व दर्शविणारी दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. लाखो नागरिक गटाराच्या पाण्यातून तासन् तास चालत घरी पोचले आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. त्या दिवसांत 'तुम्ही पाण्यातून चाललात काय?' हा साधा प्रश्न कोणत्याही यंत्राइतका मोलाचा होता. दुसरे उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्याचे. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आढळला. हा रोग गोचिडांमार्फत पसरतो आणि त्याचा हंगाम मुख्यतः जानेवारी ते मे असा असतो. म्हणजेच त्याच जिल्ह्यात मार्च महिन्यात आलेला ताप आणि ऑगस्टमध्ये आलेला ताप यांबाबत वैद्याच्या मनातील पहिला संशय एकच असून चालत नाही.

शारीरिक तपासणी : आधी गांभीर्य, मग नाव

तापाच्या रुग्णात रोगाचे नाव शोधण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो : या रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलविणे आवश्यक आहे काय? यासाठी नाडी, रक्तदाब, श्वसनाचा वेग, शुद्धीची अवस्था आणि लघवीचे प्रमाण या पाच गोष्टी पाहिल्या जातात. यांसाठी घड्याळ आणि रक्तदाबमापक यांव्यतिरिक्त फारसे काही लागत नाही. हातपाय थंड पडणे, नाडी जलद व क्षीण होणे, वरच्या व खालच्या रक्तदाबातील अंतर २० मिलिमीटर किंवा त्याहून कमी होणे, गुंगी येणे, धाप लागणे, सहा-आठ तास लघवी न होणे ही गांभीर्याची चिन्हे होत. ती आढळल्यास अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करणे आणि रुग्णाला पुढे पाठविणे हेच योग्य ठरते.

त्यानंतर रोगविशिष्ट चिन्हांचा शोध घेतला जातो. लेप्टोस्पायरोसिसमध्ये डोळे लाल होतात, पण त्यांतून चिकट स्राव येत नाही. पोटऱ्या दाबल्यास तीव्र वेदना होतात आणि पुढे कावीळ व मूत्रपिंडाचा बिघाड दिसू लागतो. या रोगाच्या तीव्र स्वरूपाचे वर्णन जर्मन वैद्य अडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये केले होते. डेंग्यूमध्ये डोळ्यांच्या खोबणीमागे वेदना, सांधेदुखी आणि अंगावर लालसर पुरळ आढळते. विषमज्वरात ताप पायरीपायरीने चढतो, पोटाच्या तक्रारी असतात आणि कधी कधी ताप जास्त असूनही नाडीचा वेग त्या मानाने कमी आढळतो. हिवतापात थंडी, ताप आणि घाम असा क्रम दिसतो. परंतु सुरुवातीच्या दिवसांत तो नियमित असतोच असे नाही.

स्क्रब टायफसच्या बाबतीत तपासणीतील काटेकोरपणाची कसोटी लागते. माइट या सूक्ष्म जीवाच्या 'चिगर' नावाच्या अळ्या चावल्याने हा रोग होतो. दंशाच्या जागी अनेक रुग्णांत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली तयार होते. ती दुखत नाही, खाजत नाही. म्हणून रुग्णाला तिची जाणीवही नसते. काख, जांघ, स्तनांखालील भाग, कमरेचा पट्टा, कानामागील जागा येथे ती दडलेली असते. कपडे न काढता केलेल्या तपासणीत ती सापडत नाही. २०१८ मध्ये विदर्भात या रोगाचा उद्रेक झाला, तेव्हा हे दुर्लक्षित चिन्ह शोधण्याचे महत्त्व नव्याने अधोरेखित झाले.

प्रयोगशाळा : तपासणी आणि दिवस यांचा मेळ

तपासणी चांगली की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. ती कोणत्या दिवशी केली, हा त्याचा दुसरा भाग आहे. संसर्गाच्या आरंभी रक्तात जंतू किंवा त्याचे घटक असतात. प्रतिद्रव्ये मात्र काही दिवसांनंतर तयार होतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात जंतू शोधावा आणि नंतर प्रतिद्रव्य शोधावे, हा सर्वसाधारण नियम होय.

हिवताप : १८८० मध्ये अल्जीरियात कार्यरत असलेल्या आल्फोन्स लाव्हराँ यांनी रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात तो आढळला. आजही काचपट्टीवरील जाड व पातळ रक्तलेप ही निदानाची आधारभूत पद्धत आहे. जाड लेपात परोपजीवी सापडण्याची शक्यता अधिक, तर पातळ लेपात त्याची जात ओळखणे सुकर असते. जलद चाचणी पट्टी दुर्गम भागात उपयुक्त ठरते. परंतु 'एचआरपी-२' प्रथिनावर आधारलेली चाचणी रोग बरा झाल्यावरही काही आठवडे होकारार्थी राहू शकते. एक रक्तलेप नकारात्मक आला म्हणून हिवताप नाही, असे ठरविता येत नाही. संशय असल्यास तपासणी पुन्हा करावी लागते.

डेंग्यू : पहिल्या पाच दिवसांत 'एनएस-१' हे विषाणूचे प्रथिन शोधले जाते. पाचव्या दिवसानंतर 'आयजीएम' प्रतिद्रव्याची तपासणी अधिक उपयुक्त असते. सातव्या दिवशी केलेली एनएस-१ चाचणी नकारात्मक आल्यास तिच्यावर विसंबून डेंग्यू नाकारणे चुकीचे आहे. रुग्णाच्या देखरेखीसाठी मात्र प्लेटलेटइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व हिमॅटोक्रिटला म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाला आहे. हे प्रमाण वाढत जाणे म्हणजे रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपत असल्याची खूण होय.

लेप्टोस्पायरोसिस व स्क्रब टायफस : या दोन्ही रोगांत आयजीएम प्रतिद्रव्ये पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आढळू लागतात. प्राथमिक अवस्थेतील अहवाल म्हणूनच नकारात्मक येऊ शकतो. सबळ संशय असल्यास अहवालासाठी उपचार थांबविले जात नाहीत. लघवीची तपासणी, क्रिएटिनीन, बिलिरुबिन व पेशींची मोजणी यांतूनही निदानास बळ मिळते.

विषमज्वर : येथे विडाल चाचणीचा प्रश्न सविस्तर पाहणे आवश्यक आहे. फ्रेंच वैद्य फर्नांद विडाल यांनी १८९६ मध्ये ही चाचणी मांडली. तिच्यात साल्मोनेला जंतूच्या 'ओ' आणि 'एच' प्रतिजनांविरुद्धची प्रतिद्रव्ये मोजली जातात. ज्या प्रदेशात विषमज्वर नेहमी आढळतो, तेथील निरोगी माणसांच्या रक्तातही पूर्वीच्या संसर्गामुळे अशी प्रतिद्रव्ये असतात. इतर काही तापांतही ती वाढलेली दिसतात. शिवाय पहिल्या आठवड्यात खऱ्या रुग्णात ती पुरेशी वाढलेली नसतात. म्हणजे ही चाचणी रोग नसताना होकार आणि रोग असताना नकार देऊ शकते. काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत चौपट वाढ आढळल्यासच तिला अर्थ प्राप्त होतो. प्रत्यक्षात दुसरा नमुना क्वचितच घेतला जातो. ब्लड कल्चर अर्थात रक्तसंवर्धन ही अधिक विश्वासार्ह तपासणी होय. तिच्यातही सुमारे ६० टक्के रुग्णांतच जंतू सापडतो. पण सापडल्यास त्यावर कोणते औषध चालेल, हेही कळते. प्रौढ रुग्णाकडून ८ ते १० मिलिलीटर रक्त घेणे आणि ते प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेणे, या तिच्या दोन अटी आहेत. दुकानातून आणलेल्या दोन गोळ्या या तपासणीची उपयुक्तता घटवितात. आरंभी उल्लेखिलेल्या तीन रुग्णांच्या हातातील कागदाचे मोल यावरून ठरविता येईल.

उपचार : रोगानुसार आणि अवस्थेनुसार

तापाच्या रुग्णांपैकी मोठ्या भागाला साधा विषाणुजन्य ताप असतो. तो स्वतःहून बरा होतो. विश्रांती, पुरेसे पाणी, पॅरासिटामॉल आणि धोक्याच्या चिन्हांची माहिती एवढाच त्याचा उपचार होय. औषध न देणे हादेखील विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो, हे रुग्णाला समजावून सांगणे अनेकदा औषध लिहिण्यापेक्षा अधिक वेळखाऊ असते.

हिवतापात परोपजीवीच्या जातीनुसार उपचार बदलतो. व्हायव्हॅक्स प्रकारात क्लोरोक्विन तीन दिवस दिले जाते. परंतु या परोपजीवीची सुप्त रूपे यकृतात दडून राहतात आणि काही आठवडे वा महिन्यांनी ताप उलटतो. त्यांचा नाश करण्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. ताप तिसऱ्या दिवशी गेल्यावर उरलेल्या गोळ्या टाकून देणारा रुग्ण दोन महिन्यांनी पुन्हा येतो, त्याचे कारण हेच. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या व्यक्ती यांना प्रायमाक्विन दिले जात नाही. फाल्सिपेरम प्रकारात आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त औषधोपचार केला जातो आणि गंभीर अवस्थेत आर्टेसुनेटचे इंजेक्शन दिले जाते. आर्टेमिसिनिनच्या शोधासाठी चीनच्या तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फाल्सिपेरम हिवतापात काही तासांच्या विलंबानेही मेंदू आणि मूत्रपिंडे यांवर परिणाम होऊ शकतो. गडचिरोलीहून परतलेल्या, गुंगीकडे झुकणाऱ्या मजुराच्या बाबतीत म्हणूनच रक्तलेप त्याच तासात पाहणे आवश्यक ठरते.

डेंग्यूवर विषाणुविरोधी खास औषध उपलब्ध नाही; योग्य प्रमाणात द्रव देणे हाच उपचाराचा कणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या रोगाचे धोक्याची चिन्हे नसलेला, धोक्याची चिन्हे असलेला आणि गंभीर असे वर्गीकरण मांडले. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्तस्राव, अस्वस्थता वा सुस्ती, यकृताची वाढ ही धोक्याची चिन्हे होत. ती बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरत असताना दिसतात. याच काळात घरचे लोक निश्चिंत होतात. ताप उतरलेल्या विद्यार्थ्याला उलट्या होत असतील, पोट दुखत असेल आणि त्याचे हात थंड असतील, तर तिघांपैकी बरा दिसणारा तोच सर्वाधिक धोक्यात असण्याचा संभव आहे. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढत असल्याने ती टाळावी लागतात. प्लेटलेटचा आकडा केवळ कमी झाला म्हणून त्या चढविण्याचा आग्रह शास्त्रसंमत नाही. रक्तस्राव असल्यास किंवा आकडा १०,००० च्या खाली गेल्यास त्याचा विचार होतो. अतिरिक्त सलाईन हेही धोक्याचे आहे, कारण दोन दिवसांनी झिरपलेला द्रव रक्तात परत येतो आणि फुप्फुसांवर भार पडतो.

लेप्टोस्पायरोसिसच्या सौम्य स्वरूपात डॉक्सिसायक्लिन सात दिवस दिले जाते. तीव्र स्वरूपात पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेवाटे देऊन मूत्रपिंड व फुप्फुसांवर सतत लक्ष ठेवावे लागते. भातलावणी करणाऱ्या स्त्रीचे डोळे लाल असतील, पोटऱ्या दुखत असतील आणि लघवी कमी झाली असेल, तर आयजीएमच्या अहवालापूर्वीच उपचार सुरू होणे तिच्या हिताचे आहे. स्क्रब टायफसमध्येही डॉक्सिसायक्लिन हेच मुख्य औषध असून गरोदर स्त्रियांना अ‍ॅझिथ्रोमायसिन दिले जाते. तीव्र रुग्णांत ही दोन्ही औषधे शिरेवाटे एकत्र दिल्यास अधिक लाभ होतो, असे भारतात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसून आले. नेहमी वापरली जाणारी सेफिक्झिमसारखी प्रतिजैविके या रोगावर मुळीच चालत नाहीत. कारण त्याचा जंतू पेशीच्या आत राहतो आणि या औषधांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. चुकीच्या गोळीने येथे केवळ पैसे वाया जात नाहीत, तर उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात.

विषमज्वरात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सेफिक्झिम किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन यांचा वापर होतो. औषध योग्य असूनही ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कायम राहतो. त्यामुळे अधीर होऊन औषध बदलणे हा चुकीचा मार्ग आहे. रुग्णाची एकूण प्रकृती सुधारत आहे काय, हे पाहणे महत्त्वाचे असते.

प्रतिजैविकांचा ऱ्हास : एका रोगाची साक्ष

अविवेकी उपचारांची सामाजिक किंमत विषमज्वराच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाने विषमज्वराचे रूपच पालटले. पुढे अ‍ॅम्पिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल यांची भर पडली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून या तिन्ही औषधांना दाद न देणारे जंतू भारतीय उपखंडात पसरले. त्यांची जागा सिप्रोफ्लॉक्सासिनने घेतली. काही वर्षांतच त्यालाही जंतू जुमानेनासे झाले. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही प्रतिकार करणाऱ्या विषमज्वराचा उद्रेक झाला आणि तोंडावाटे देता येणारे अ‍ॅझिथ्रोमायसिन हे जवळजवळ एकमेव औषध तेथे उरले. नवे औषध येण्याचा वेग आणि जुने औषध निकामी होण्याचा वेग यांतील अंतर येथे स्पष्ट होते. अपुऱ्या मात्रेमुळे जंतू प्रतिकारक्षम होतील, असा इशारा पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच दिला होता.

या संदर्भात शासनस्तरावर काही पावले उचलली गेली. १ मार्च २०१४ पासून अनुसूची 'एच-१' लागू झाली. तीत समाविष्ट प्रतिजैविके वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षे जपून ठेवणे औषध विक्रेत्यास बंधनकारक आहे. २०१७ मध्ये भारताने प्रतिजैविक प्रतिकाराविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारला. तथापि नियमाची खरी अंमलबजावणी दुकानाच्या काउंटरवर होते आणि तेथे उभा असलेला ग्राहक शिक्षित असो वा अशिक्षित, मागणी बहुधा एकच असते : 'लवकर बरे होईल असे काहीतरी द्या.'

प्रतिबंध हा या दुष्टचक्रातून बाहेर पडण्याचा अधिक खात्रीचा मार्ग आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने बालकांसाठी विषमज्वराच्या संयुग्म लसीची मोहीम राबविली. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेमार्फत या लसीचा असा वापर प्रथमच झाला. लेप्टोस्पायरोसिसबाबत पुराच्या पाण्यातून चाललेल्या व्यक्तींना वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा दिली जाते. शुद्ध पाणी, उंदरांचा बंदोबस्त, साचलेल्या पाण्याचा निचरा आणि शेतात पायमोज्यांसह गमबूट यांची जागा मात्र कोणतीही गोळी घेऊ शकत नाही.

महाविद्यालयांची भूमिका

हा विषय केवळ वैद्यकक्षेत्रापुरता मर्यादित नाही. वसतिगृहे, खानावळी, पाण्याच्या टाक्या आणि सहली यांच्याशी महाविद्यालयांचा थेट संबंध येतो. आजारी विद्यार्थ्याची पहिली विचारपूस अनेकदा वर्गशिक्षक किंवा वसतिगृह प्रमुख करतात. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला याची साधी नोंद ठेवणे, ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस विद्यार्थ्याला खोलीत एकटे न सोडणे, परस्पर गोळ्या न देणे आणि एकाच आठवड्यात तापाचे अनेक रुग्ण आढळल्यास स्थानिक आरोग्य यंत्रणेस कळविणे, या चार गोष्टी कोणत्याही महाविद्यालयाला खर्चाविना करता येण्याजोग्या आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत श्रमदान करणाऱ्या विद्यार्थ्यांना चिखलात उतरण्यापूर्वी पायावरील जखमांची काळजी घेण्यास सांगणे, हेही आरोग्यशिक्षणच होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, पावसाळी तापाचे यशस्वी व्यवस्थापन महागड्या तपासण्यांपेक्षा योग्य क्रमावर अवलंबून असते : आधी गांभीर्य, मग हकीकत, मग अंगभर तपासणी, मग त्या दिवसाला साजेशी चाचणी आणि शेवटी रोगाला अनुरूप औषध. त्यानंतरही दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी फेरतपासणी आवश्यक असते. कारण हे रोग स्थिर नसतात आणि क्वचित दोन रोग एकत्रही असतात.

आरंभीच्या तिघा रुग्णांकडे परत पाहिले असता, त्यांच्या हातातील कागद आणि गोळ्या यांनी त्यांच्यातील भेद पुसून टाकला होता. तो भेद परत मिळवून दिला तो तापाचा दिवस, पाण्यातील वावर, जंगलातील मुक्काम आणि थंड पडलेले हात यांच्या चौकशीने. या चौकशीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. गर्दीच्या दवाखान्यात ती मिनिटे मिळणे अवघड असते, हे मान्य करूनही ती टाळता येत नाहीत. कारण टाळलेल्या मिनिटांची भरपाई शेतमजूर स्त्रीच्या मूत्रपिंडांना, विद्यार्थ्याच्या रक्तवाहिन्यांना आणि मजुराच्या मेंदूला करावी लागते.